संधिवात, ल्यूपस आणि छातीचा संसर्ग: औषध सुरू होण्याआधीपासून काय काय करायचं

रुमॅटॉलॉजिस्टच्या, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसाचं सगळं लक्ष सांध्यांकडे असतं. सकाळी बोटं किती वेळ आखडतात, गुडघ्याला सूज आहे का, जिना चढता येतो का. छातीचा विषय निघतो तो खोकला झाल्यावरच. वास्तविक संधिवात, ल्यूपस, स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होते तो), मायोसायटिस (स्नायूंची सूज), व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांची सूज) अशा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते अशा आजारांत जे संसर्ग माणसाला अ‍ॅडमिट व्हायला लावतात, त्यांत फुफ्फुसांचा नंबर कायम वरचा. त्यातले बरेचसे टाळता येतात, पण टाळायची वेळ खोकला यायच्या कितीतरी आधीची असते. म्हणून हा लेख वेळेच्या क्रमाने लिहिला आहे: प्रतिकारशक्ती दाबणारं जोरदार औषध सुरू होण्याआधी, ते चालू असताना, आजारी पडलात त्या दिवशी, आणि बरं झाल्यावर.

एक अट आधीच घालते. डोस बदलणं, औषध थांबवणं किंवा परत चालू करणं हे डॉक्टरांशी बोलूनच करायचं. हे वाचून त्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी तयार झाली की लेखाचं काम झालं.

पहिली पायरी: स्वतःचा धोका ओळखा

"प्रतिकारशक्ती कमी झाली" एवढं म्हणून भागत नाही. प्रत्येकाचा धोका वेगळ्या ठिकाणाहून येतो.

काही धोका आजारच घेऊन येतो. ल्यूपसमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतूंना मारायला मदत करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिनं आजारातच खर्ची पडतात, आणि काहींची प्लीहासुद्धा नीट काम करत नाही. मग न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकससारख्या जंतूला रान मोकळं मिळतं. आजार आटोक्यात नसेल तर धोका वाढतो, म्हणून "संसर्गाची भीती वाटते" म्हणून औषध सोडून देणं हा उपाय नव्हे. सोडलेल्या औषधामुळे आजार उसळतो आणि मग तो दाबायला स्टेरॉइडचा मोठा डोस लागतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

काही धोका फुफ्फुसांच्या अवस्थेमुळे येतो. संधिवातात काहींच्या श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल होतात, त्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. तिथे कफ साचून राहतो आणि जंतूंचं फावतं. काहींच्या फुफ्फुसांचं मऊ जाळं कडक होत जातं, तो आयएलडी. स्क्लेरोडर्मात अन्ननलिका ढिली पडते, रात्री आडवं झाल्यावर पोटातलं आम्ल आणि अन्नाचे कण वर येऊन श्वासनलिकेत उतरतात. मायोसायटिसमध्ये गिळण्याचेच स्नायू कमजोर होतात, पाणी पिताना ठसका लागतो. असा ठसका वरचेवर लागत असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगायचा. "वयामुळे होतं" म्हणून सोडून द्यायचा नाही.

उरलेला धोका औषधांचा, आणि सगळी औषधं एका माळेचे मणी नाहीत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनमुळे संसर्ग वाढत नाहीत, उलट ल्यूपसमध्ये ती घेणाऱ्यांत ते कमी दिसतात. सल्फासॅलेझिनचंही फारसं भय नाही. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइडचा धोका बऱ्याच लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो. अ‍ॅझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट त्याच्या वर. टीएनएफ हा सूज वाढवणारा रेणू रोखणारी बायोलॉजिक (जिवंत पेशींत तयार केलेली) इंजेक्शनं, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडॅलिमुमॅब, इटॅनरसेप्ट, आणि टोफासिटिनिबसारख्या, पेशींतला सुजेचा संदेश अडवणाऱ्या जॅक गोळ्या यांत मुख्य काळजी टीबीची. जॅक गोळ्यांत नागिणीचीही. रिटुक्सिमॅब अँटिबॉडी बनवणाऱ्या साखळीवरच घाव घालतं, त्याचा परिणाम सहा महिने आणि कधी त्याहूनही जास्त टिकतो. सायक्लोफॉस्फमाइड पांढऱ्या पेशी खाली आणतं.

आणि स्टेरॉइड. बायोलॉजिक इंजेक्शनाचं नाव काढलं की घरचे घाबरतात, चार कागदांवर सह्या होतात. तीच माणसं दोन-दोन वर्षं रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन बिनघोर घेत असतात, कारण ती "ती बारीक पांढरी गोळी" असते. माझ्या मते सर्वात जास्त दुर्लक्षित धोका हाच. डोस जितका जास्त आणि जितका लांबलेला, तितका संसर्ग जवळ. ५ मिलिग्रॅमलासुद्धा थोडा धोका असतोच, १० च्या वर तो स्पष्टपणे वाढतो. त्यामुळे प्रत्येक भेटीत विचारायचा प्रश्न एकच: "हे अजून किती खाली आणता येईल?"

इथेच बिनलेबलच्या पुड्यांचं सांगते. "आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही" म्हणून सांधेदुखीवर मिळणाऱ्या काही पुड्यांमध्ये आणि गोळ्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. वर्षानुवर्षांचं दुखणं दोन दिवसांत गायब झालं, भूक खवळली, महिन्याभरात चेहरा गोल झाला, तर त्या पुडीत काय असेल याचा संशय घ्या. रुमॅटॉलॉजिस्टला ती पुडी दाखवा. लाजायचं काही नाही, ते रोज पाहतात. पण ती एकदम बंदही करू नका, त्याचं कारण पुढे येईल.

याशिवाय वय, मधुमेह, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार), विडी-सिगारेट, मूत्रपिंडाचा आजार, आणि आधी कधी न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट व्हावं लागलं असेल तर तो इतिहास. हे सगळं एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. फाइल उघडल्या उघडल्या समोर दिसलं पाहिजे.

दुसरी पायरी: औषधाआधी टीबीचा छडा

आपल्याकडे या पायरीला सर्वात जास्त वेळ द्यायला हवा. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. आपल्यापैकी असंख्य लोकांच्या छातीत टीबीचे जंतू कधीतरी शिरलेले असतात आणि शरीराने त्यांच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्यांना कोंडून ठेवलेलं असतं. ती गाठ टिकवायला टीएनएफ नावाचा रेणू लागतो. संधिवाताची सूजही तोच वाढवतो. म्हणजे सूज उतरवायला टीएनएफ अडवला की गाठीची तटबंदी ढासळते. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमध्ये टीबी उफाळल्याच्या ७० रुग्णांचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला तेव्हा हे जगासमोर ठळकपणे आलं. त्यातल्या बहुतेकांना औषध सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांतच टीबी झाला होता, आणि निम्म्याहून जास्त जणांत तो फुफ्फुसांबाहेरही पसरला होता. इटॅनरसेप्टमध्ये हा धोका इतर टीएनएफ-रोधकांच्या मानाने कमी असतो, हेही नंतर कळलं. टीबीबहुल देशात औषध निवडताना हा मुद्दा डॉक्टरांशी बोलण्यासारखा आहे.

तपासणीत तीन गोष्टी येतात. पहिली म्हणजे चौकशी. लग्नाआधी कोणाला टीबी झाला होता, सासऱ्यांनी सहा महिने कसल्या गोळ्या घेतल्या होत्या, शेजारच्या खोलीतले काका खोकून खोकून गेले ते कशाने, हे आपल्या घरांत दाबून ठेवायची सवय आहे. डॉक्टरांसमोर तरी दाबू नका. दुसरी छातीचा एक्स-रे, गरज पडली तर सीटी. तिसरी मांटू चाचणी किंवा आयग्रा ही रक्ताची चाचणी.

मांटूचं जरा बारकाईने पाहू, कारण ती चुकीची वाचली जाते. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत इंजेक्शन देतात आणि ४८ ते ७२ तासांनी मोजतात. मोजायचा असतो तो कडक झालेला फुगवटा, लाली नव्हे. बोट फिरवून कडा चाचपायच्या, पेनाने खुणा करायच्या आणि पट्टीने मिलिमीटरमध्ये आडवी रुंदी घ्यायची. एरवी १० मिलिमीटरच्या खालचा आकडा बहुधा सोडून दिला जातो. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत ५ मिलिमीटरही पॉझिटिव्ह धरतात. रिपोर्टवर नुसतं "निगेटिव्ह" लिहिलेलं असेल तर आकडा मागून घ्या. लहानपणच्या बीसीजीमुळे मांटू खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आयग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. स्टेरॉइड चालू असताना मात्र दोन्ही खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. शक्य असेल तर स्टेरॉइडचा मोठा डोस सुरू व्हायच्या आधीच ही चाचणी उरकायची, ती एवढ्याचसाठी.

चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे टीबी झाला असं नाही. जंतू अंगात आहेत एवढाच त्याचा अर्थ, आणि बहुधा ते सुप्त असतात. आधी जागा टीबी नाही ना, याची खात्री करावी लागते. जागा टीबी असताना प्रतिबंधाची एकटी गोळी दिली तर जंतू त्या औषधाला पुरून उरतात. खात्री झाली की प्रतिबंधक उपचार: सहा महिने रोज आयसोनायझिड, किंवा आठवड्यातून एकदा रिफापेंटिन आणि आयसोनायझिड असे बारा डोस. सरकारी कार्यक्रमात हे मोफत मिळतात. बायोलॉजिक औषध सुरू करायचं तर त्याआधी या उपचाराचा निदान एक महिना गेलेला असावा असा सर्वसाधारण दंडक आहे.

आयसोनायझिड आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही यकृताला जाच करतात, म्हणून त्या काळात एलएफटी, म्हणजे यकृताची रक्तचाचणी, ठरावीक अंतराने करायची आणि दारू पूर्ण बंद. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व). टीबीवरचं रिफॅम्पिसिन किंवा रिफापेंटिन घेत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ही औषधं स्टेरॉइड शरीरातून भराभर बाहेर काढतात. गोळी तेवढीच, पण परिणाम घटलेला. अचानक सांधे दुखायला लागले तर कारण हे असू शकतं. टोफासिटिनिबचंही असंच होतं. टीबीचे डॉक्टर आणि संधिवाताचे डॉक्टर वेगळे असतील, आणि बहुधा असतातच, तर दोघांना एकमेकांची प्रिस्क्रिप्शन दाखवायचं काम तुमचंच.

आणि हो, चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे कायमचं प्रमाणपत्र मिळालं असं नाही. लोकल, एसटी, लग्नाचा हॉल, ऑफिसातला एसी, सगळीकडे नव्याने लागण होऊ शकते.

तिसरी पायरी: लसी, आणि त्यांची वेळ

औषध जोरात सुरू झालं की लसीला शरीर नीट दाद देत नाही. म्हणून शक्य तितक्या लसी आधी. पण आजार अंगावर आला असेल तर लसीसाठी उपचार लांबवायचे नाहीत.

न्यूमोकॉकसची लस सर्वात महत्त्वाची आणि आपल्याकडे सर्वात कमी घेतली जाणारी. आधी कॉन्ज्युगेट प्रकारची (जंतूच्या आवरणाला प्रथिन जोडून बनवलेली), मग किमान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांवरची. २० प्रकारांवरची कॉन्ज्युगेट लस मिळाली तर त्या एकीवर भागतं. महाग आहेत, पण न्यूमोनियासाठी आयसीयूतला एक दिवस त्याहून महाग पडतो.

फ्लूची लस दर वर्षी. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात येतो, दुसरी लाट थंडीत. अमेरिकेतली मुलगी फोनवर "ऑक्टोबरमध्ये घे" म्हणते ते तिकडच्या हवेला धरून बरोबर आहे. इथे मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला नवी लस घेतलेली बरी. मेथोट्रेक्सेट चालू असेल आणि आजार शांत असेल, तर फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवल्यास लस जास्त चांगली लागते. कोरियात झालेल्या अभ्यासांतून हे पुढे आलं आणि आता ते शिफारशींमध्ये आहे. पण स्वतः ठरवून नव्हे, विचारून.

रिटुक्सिमॅबवर असाल तर पुढचा डोस द्यायची वेळ आली की फ्लूखेरीज बाकीच्या लसी आधी घ्यायच्या आणि डोस किमान दोन आठवडे पुढे ढकलायचा. फ्लूची लस मात्र हंगामात वेळेवर, डोसचं वेळापत्रक काहीही असलं तरी.

जिवंत जंतूंच्या लसी टाळायच्या: कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, यलो फीव्हर, नाकातून देतात ती फ्लूची. यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आईने गरोदरपणाच्या उत्तरार्धात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडॅलिमुमॅब घेतलं असेल तर ते बाळाच्या रक्तातही उतरतं, आणि आपल्याकडे बीसीजी तर जन्मल्याबरोबर देतात. तीही जिवंत लस. अशा बाळाला ती निदान सहा महिने देऊ नये, असं सांगितलं जातं. प्रसूतिगृहात नाव नोंदवतानाच हे बोलून ठेवा. बाळंतपणाच्या गडबडीत सिस्टरना सांगायचं राहून जातं.

चौथी पायरी: एका बुरशीसाठी वेगळी गोळी

न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी निरोगी माणसाचं काही बिघडवत नाही. पण स्टेरॉइडचा मोठा डोस आणि सोबत सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब असेल तर ती फुफ्फुसं झपाट्याने भरते. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांत हा न्यूमोनिया जास्त वेगाने बिघडतो आणि जास्त जीवघेणा ठरतो. प्रेडनिसोलोन १५ ते ३० मिलिग्रॅमच्या वर दोन ते चार आठवड्यांहून जास्त चालणार असेल तर डॉक्टर प्रतिबंधासाठी को-ट्रायमॉक्सॅझॉल (सल्फा गटातलं अँटिबायोटिक) देण्याचा विचार करतात. त्यांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

या गोळीला दोन अडचणी आहेत. ल्यूपसमध्ये सल्फाची अ‍ॅलर्जी तुलनेने जास्त दिसते, त्यामुळे अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवायचं. दुसरी जास्त गंभीर: मेथोट्रेक्सेट आणि पूर्ण डोसमधलं को-ट्रायमॉक्सॅझॉल एकत्र आलं तर अस्थिमज्जा बसू शकते, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कोसळतात. लघवीच्या जळजळीला किंवा जुलाबाला फॅमिली डॉक्टर हे औषध सहज लिहून देतात. मेथोट्रेक्सेट चालू आहे हे त्यांना माहीत नसतं, कारण आपण "बीपीची आणि थायरॉइडची गोळी चालू आहे" एवढंच सांगितलेलं असतं.

मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर हेही. ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी घसरतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अ‍ॅसिड, अनेकदा दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारीक. डोळे अधू झालेल्या आजींच्या डब्यात त्या शेजारी शेजारी ठेवू नका. मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप वेगळ्या डबीत, डबीवर मोठ्या अक्षरात "फक्त रविवार".

पाचवी पायरी: घरातलं रोजचं

इथे फार फाफटपसारा नको. विडी-सिगारेट बंद, ती संधिवातही वाढवते. चुलीचा आणि धूप-अगरबत्तीचा धूर शक्य तितका टाळा. दिवाळीची झाडलोट, माळ्यावरचं जुनं सामान काढणं, घराचं बांधकाम, कबुतरांची विष्ठा साफ करणं ही कामं दुसऱ्या कोणाकडे द्या. धुळीत आणि विष्ठेत बुरशी असते. गर्दीत आणि दवाखान्यात एन-९५ मास्क, नाकावर नीट दाबून.

भातशेतीत किंवा परसात अनवाणी राबणाऱ्यांसाठी खास सूचना. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा कृमी मातीतून तळपायाच्या कातडीतून शिरतो आणि वर्षानुवर्षं आतड्यात गप्प राहतो. मोठ्या डोसचं स्टेरॉइड मिळालं की तो बेसुमार वाढून फुफ्फुसांपर्यंत पोचतो. पावसाळ्यातल्या चिखलातून मेलिऑइडोसिस या गंभीर संसर्गाचा जंतूही येतो, कर्नाटकच्या किनारपट्टीवर तो चांगलाच ओळखीचा आहे, मधुमेह असणाऱ्यांना विशेष त्रास देतो. गमबूट घाला, आणि शेतात काम करता हे डॉक्टरांना सांगा. शहरातल्या डॉक्टरांच्या डोक्यात ते आपणहून येईलच असं नाही.

स्क्लेरोडर्मा किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी घ्यावं आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून ती बाजू उंच करावी. नुसत्या उश्या वाढवल्या तर पोट दुमडतं, उपयोग होत नाही. दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवा, तोंडातलेच जंतू ठसक्यासोबत खाली जातात. स्टेरॉइडवर साखर चढते ती बहुधा दुपारनंतर, त्यामुळे सकाळची उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका.

सहावी पायरी: ताप नसलेला न्यूमोनिया ओळखा

स्टेरॉइड ताप दाबतं. टोसिलिझुमॅब या बायोलॉजिकवर असाल तर ताप बहुधा येत नाही, सीआरपीही (रक्तातलं सुजेचं मोजमाप) फारशी वाढत नाही. रिपोर्ट अगदी स्वच्छ आणि आत फुफ्फुस भरलेलं, असं होऊ शकतं. म्हणून थर्मामीटरवर विसंबू नका, बदलाकडे पाहा. नेहमी एका दमात होणारा जिना आता मध्ये थांबून होतोय. बोलताना वाक्य तुटतंय. कोरडा खोकला आठवडाभर हटत नाही. वजन उतरतंय, रात्री घाम येतोय. वयस्कर माणूस नुसताच गोंधळल्यासारखा वागतोय, जेवत नाहीये.

ऑक्सिमीटर घरात असू द्या आणि बरे असतानाच स्वतःचा नेहमीचा आकडा टिपून ठेवा. आयएलडी असलेल्याचा नेहमीचाच आकडा ९५ असू शकतो. आजारी वाटलं की बसून मोजा, मग कोविडच्या काळात घरोघर केली तशी सहा मिनिटं घरातल्या घरात चाला आणि परत मोजा. बसल्यावर ९४ किंवा त्याहून कमी, किंवा चालून तीन अंकांनी खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. न्यूमोसिस्टिसमध्ये सुरुवातीला एक्स-रेसुद्धा ठीक असू शकतो, चालल्यावर पडणारा ऑक्सिजन तेवढा बोलतो. बसूनच दम लागत असेल तर चालून पाहायच्या भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल.

थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात अशांचा, म्हणजे रेनॉड असलेल्यांचा ऑक्सिमीटर खोटं बोलतो. बोट गार पडलं की रक्त पोचत नाही आणि आकडा ८५ वगैरे दाखवून घरात पळापळ होते. हात कोमट पाण्यात धरून ऊब आणा, नेलपॉलिश काढा, पडद्यावरची नाडीची लाट स्थिर झाल्यावरच वाचा. तरी जमत नसेल तर कानाच्या पाळीला लावायचा सेन्सर मिळतो.

बेडक्यातून रक्त, ओठ निळसर, छातीत श्वासागणिक कळ, किंवा उलट्यांमुळे स्टेरॉइडची गोळी पोटात टिकत नाही, यातलं काहीही झालं तर रात्र काढायची नाही.

सातवी पायरी: आजारी पडलात त्या दिवशी औषधांचं काय

याचं उत्तर बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कागद फ्रिजवर चिकटवा. साधारण पद्धत अशी असते: ताप किंवा छातीचा संसर्ग झाला, अँटिबायोटिक लागलं, तर मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, बायोलॉजिक इंजेक्शन आणि जॅक गोळी तात्पुरती थांबवतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू राहतं.

स्टेरॉइड मात्र कधीही एकदम बंद करायचं नाही. महिनाभर किंवा जास्त काळ स्टेरॉइड घेतल्यावर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल बनवणारी ग्रंथी सुस्तावते. आजारपणात शरीराला जास्त कॉर्टिसॉल लागतं, आणि नेमकं तेव्हा "इन्फेक्शन झालंय, स्टेरॉइड बंद करा" असं कोणी सांगितलं तर रक्तदाब कोसळून माणूस शॉकमध्ये जाऊ शकतो. उलट तापाच्या दिवसांत डोस काही दिवस वाढवावा लागतो, बरेचदा दुप्पट. उलट्या होत असतील तर इंजेक्शनवाटे. पुडीतून नकळत स्टेरॉइड घेणाऱ्यांनाही हेच लागू. पुडी एकदम बंद करू नका म्हटलं, ते यासाठी.

आठवी पायरी: हॉस्पिटलात काय सांगायचं, काय विचारायचं

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना पहिल्या मिनिटात चार गोष्टी कळल्या पाहिजेत: आजाराचं नाव, चालू औषधं डोससह, शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला झालं, आणि टीबीच्या चाचणीचा निकाल. रिटुक्सिमॅबचा डोस चार महिन्यांपूर्वी झाला असेल तरी सांगा, ते "चालू औषधांत" मोडत नाही म्हणून नेमकं गाळलं जातं.

निदान सोपं नसतं, कारण एचआरसीटीवर (फुफ्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) सगळंच सारखं दिसू शकतं. संसर्ग असेल, मूळ आजाराने फुफ्फुसावर केलेला हल्ला असेल, मेथोट्रेक्सेटची फुफ्फुसातली प्रतिक्रिया असेल, ल्यूपस किंवा व्हॅस्क्युलायटिसमध्ये फुफ्फुसात झालेला रक्तस्राव असेल. एकीकडे अँटिबायोटिक लागतं, दुसरीकडे स्टेरॉइड वाढवावं लागतं. पुष्कळदा निकाल येईपर्यंत दोन्ही एकदम द्यावी लागतात. म्हणून नमुना लवकर जायला हवा: बेडक्याची जंतुतपासणी, टीबीसाठी सीबीनॅट (जंतूची जनुकीय चाचणी), रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून पाहणं), आणि गरज असेल तर ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुफ्फुसातलं धुतलेलं पाणी. ब्रॉन्कोस्कोपीचं नाव ऐकून नातेवाईक मागे सरतात. अशा रुग्णात ती बहुधा अंदाजाने पाच औषधं देत बसण्यापेक्षा बरी.

लेव्होफ्लॉक्सॅसिन किंवा त्याच जातीचं औषध द्यायचं ठरलं तर "टीबीची तपासणी पाठवली का?" हे नम्रपणे विचारा. ते टीबीच्या जंतूंनाही थोडंफार मारतं. चार दिवस बरं वाटतं आणि खरं निदान महिनाभर लांबतं.

टीबी निघालाच तर बायोलॉजिक थांबतं आणि पूर्ण उपचार सुरू होतात. सरकारी नोंदणी केली की औषधं मोफत आणि निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते. खासगी डॉक्टरांकडच्या रुग्णांनाही नोंदणी करता येते. उपचारातल्या पायराझिनामाइडने युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे दुखतात, तेव्हा प्रत्येक दुखणं संधिवाताच्या माथी मारू नका.

बरं झाल्यावर

अँटिबायोटिकचा कोर्स संपला, खोकला आणि दम गेला की मेथोट्रेक्सेट सहसा परत सुरू होतं. बायोलॉजिकला डॉक्टर जरा जास्त थांबतात. मेथोट्रेक्सेटमुळेच फुफ्फुसाला सूज आली होती असं ठरलं असेल तर मात्र ते पुन्हा कधीच घ्यायचं नाही, आणि तसं फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहायचं. औषधं बंद असलेल्या काळात सांधे कुरकुरणार, त्यासाठी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणू नका, विचारा.

वाढवलेलं स्टेरॉइड परत मूळ डोसवर कोणत्या तारखेपर्यंत आणायचं हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. नाहीतर अ‍ॅडमिट असतानाचा डोस घरी महिनोन्महिने तसाच चालू राहतो. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी साधारण सहा आठवड्यांनी एक्स-रे परत काढावा. डाग तिथेच असेल तर मागे आणखी काही आहे का ते पाहावं लागतं. वर्षात दोनदा-तीनदा न्यूमोनिया झाला, विशेषतः रिटुक्सिमॅबनंतर, तर रक्तातलं आयजीजी (मुख्य अँटिबॉडी) मोजायला सांगा. ते फार खाली गेलं असेल तर पुढच्या रिटुक्सिमॅबच्या डोसचा नव्याने विचार करावा लागतो, आणि काहींना बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, द्यावं लागतं.